आमच्या गावची जिल्हा परिषद शाळा: कोरोनापासून सातवीच्या दाखल्यापर्यंतचा अनुभव

मे महिन्यात थोरलीचा सातवीचा दाखला आणला. जूनपासून ती हायस्कूलला जाते. धाकटा अजून त्याच शाळेत तिसरीत आहे, त्यामुळे माझं शाळेत जाणं-येणं चालूच आहे. दर वर्षी एप्रिल-मे आला की ब्लाऊज टाकायला आलेल्या बायका मशीनशेजारी बसतात आणि विचारतात, "पोरगीला इंग्लिश मीडियममधनं काढून मराठी शाळेत घातलीस, पस्तावलीस का गं?" हात कामात असतात, त्यामुळे कुणालाच धड सांगून होत नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहिते. ज्यांना मुलाचं नाव कुठं घालायचं ते ठरवायचंय, त्यांच्या उपयोगी पडावं.

शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात माणसांच्या आजारपणाच्या गोष्टी येणार आहेत. गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. शाळा पहिली ते सातवी, खोल्या सहा, मुख्याध्यापिका मॅडम धरून शिक्षक पाच, पट सव्वाशेच्या आसपास.

२०२० साली थोरली अकरा किलोमीटरवरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत होती. ती शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही. पिवळी बस दारात यायची, पोरगी टाय लावून इंग्रजी कविता म्हणायची आणि आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्याचं फार कौतुक होतं. वर्षाची फी चोवीस हजार आणि बसचे महिन्याला आठशे. हे फाउंड्रीत कामाला आणि माझं शिलाईकाम, त्यात ते बसत होतं.

१६ मार्चला शाळा बंद झाल्या. २३ मार्चला आमच्या तालुक्याच्या गावात, इस्लामपुरात, सौदीहून आलेली एकाच घरातली चार माणसं बाधित निघाली आणि बघता बघता आकडा सव्वीसवर गेला. सबंध महाराष्ट्र आमच्या तालुक्याचं नाव टीव्हीवर ऐकत होता. ती सगळी माणसं बरी होऊन घरी आली, पण ते पहिले पंधरा दिवस आम्ही दाराला कडी घालून बसलो होतो. फाउंड्री बंद, लग्नसराई बुडाली म्हणून माझी मशीनही बंद. एप्रिलमध्ये बचत गटातून मास्क शिवायचं काम आलं, तेवढाच आधार झाला.

जूनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले. घरात धड चालणारा फोन एकच, तो ह्यांचा. हे पहिल्या पाळीला गेले की फोनही जायचा. मग शेजारच्या काकींच्या पोराचा फोन मागायचा, नाहीतर वर्ग बुडवायचा. ही अडचण घरोघरी होती, त्याचा दोष मी शाळेला देत नाही.

दोष देते तो दुसऱ्याच गोष्टीचा. ऑगस्टमध्ये शाळेनं पालकांना पुस्तकं न्यायला बोलावलं. बाहेर टेबल मांडलेलं, वर्गाच्या बाई पावत्या फाडत होत्या आणि सारखा रुमाल तोंडाला लावत होत्या. मी त्यांच्यासमोर दहा मिनिटं तरी उभी होते. घरी आत्यांना साखरेचा त्रास. अकरा दिवसांनी बाजारात बसचे ड्रायव्हर भेटले, ते म्हणाले, "बाई पॉझिटिव्ह होत्या, कळलं न्हाय का तुम्हाला? पुस्तकं वाटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट आला." मी तिथूनच शाळेत फोन लावला. ऑफिसातून उत्तर आलं, "असं काही नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका." ते अकरा दिवस मी आत्यांच्या ताटात वाढलं होतं, त्यांचं डोकं विंचरून दिलं होतं. नशिबानं घरात कुणाला काही झालं नाही. त्या बाईंवर माझा राग नव्हता, त्या बिचाऱ्या स्वतः आजारी होत्या. पण शाळेला कळलं होतं, मला कळवायला एक मेसेज पुरला असता, आणि विचारल्यावरही मलाच खोटं पाडलं. फीचे मेसेज मात्र दर सोमवारी न चुकता यायचे.

जानेवारी २०२१ मध्ये फीचा दुसरा हप्ता थकला. ह्यांना तेव्हा अर्धा पगार मिळत होता. एके दिवशी सकाळी पोरगी शर्ट घालून, दोन वेण्या घालून फोनसमोर बसली होती आणि वर्गाच्या ग्रुपमधून तिचं नाव काढल्याची ओळ स्क्रीनवर आली. तिला इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून ते तिलाच आधी कळलं. ती काही बोलली नाही. वही मिटली आणि शर्टाची बटणं काढायला लागली. शाळेलाही पगार द्यायचे असतात हे मला कळतं. पण हे मोठ्या माणसांचं बोलणं होतं, ते आम्हाला बोलावून बोलायचं होतं.

मराठी शाळा माझ्या घरापासून चार मिनिटांवर. मी स्वतः चौथीपर्यंत अशाच शाळेत शिकले, तरी ह्या शाळेकडे तोवर नीट बघितलं नव्हतं. गावावर संकट आलं की माणसं तिथं जातात, एवढंच ठाऊक. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा खालच्या आळीतली कुटुंबं तिथं राहिली होती. मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याची माणसं गावाकडं यायला लागली तेव्हा शाळेत विलगीकरण झालं. माझा धाकटा दीर घाटकोपरहून आला, त्याला चौदा दिवस तिसरीच्या खोलीत ठेवलं. आम्ही डबा फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवायचो आणि मागं सरकायचो, मग तो येऊन न्यायचा. फाटकावर शाळेतले एक गुरुजी वहीत नोंद घेत बसलेले असायचे. शिक्षकांच्या ड्युट्या तेव्हा नाक्यावर, सर्व्हेला, सगळीकडं लागलेल्या होत्या. हे गुरुजी प्रत्येक डब्याची वेळ लिहायचे आणि आत कुणाला ताप आहे, कुणाला नाही, ते विचारलं की सरळ सांगायचे. दिराला चौथ्या दिवशी कणकण आली होती. आम्ही विचारायच्या आधीच ते फाटकातून म्हणाले, "वहिनी, आज त्याला शंभर ताप हाय. डॉक्टर दुपारी येणारेत, संध्याकाळी सांगतो." आणि संध्याकाळी खरंच सांगितलं.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे आला. आमच्या गल्लीत आधी कुणी दार उघडेना. तपासलं की उचलून नेतात, अशी बोलवा होती. आशाताईंबरोबर तेच गुरुजी आले तेव्हा आत्यांनी दार उघडलं आणि बोट पुढं केलं. ऑक्सिमीटरवरचा आकडा त्यांनी आत्यांना दाखवला, याचा अर्थ काय, किती खाली आला तर दवाखान्यात जायचं, तेही समजावलं. सरकारचं पत्रक दाराला चिकटवलेलं होतंच, आत्यांना वाचता येत नाही.

मार्च २०२१ पासून दुसरी लाट आली. आमच्या एका गल्लीत तिघं गेले. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहवत नाही. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षा न घेता वर घातलं. थोरली एकही पेपर न देता चौथीत गेली आणि माझ्या लक्षात आलं, की पोरगी वर्षभरात मागं पडलीय. पाढे पंधरापर्यंत यायचे ते दहावर अडकत होते.

जूनमध्ये मी मराठी शाळेत गेले. मुख्याध्यापिका मॅडम व्हरांड्यात टेबल टाकून बसल्या होत्या. मी घाबरत सांगितलं, की आधीच्या शाळेत फी थकलीय, दाखला देत नाहीत. त्या म्हणाल्या, "दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्काच्या कायद्यातच तसं आहे. दाखला मागवायचं पत्र मी पाठवते. आधी पोरीला इकडं बसवा." आणि तिच्या हातात तिसरीचं मराठीचं पुस्तक दिलं. ती 'प्रश्न'ला अडली, 'वर्ष'ला अडली, 'आश्चर्य' तिला वाचताच येईना. माझी मान खाली गेली. मॅडमनी वहीत काय काय येत नाही ते लिहून घेतलं आणि तो कागद माझ्यापुढं केला. "हे आत्ता येत नाही. दिवाळीपर्यंत एवढं आलं पाहिजे. नाही आलं तर मला विचारायचं." चोवीस हजार भरून दोन वर्षांत मला असं कुणी लिहून दिलं नव्हतं. तो कागद अजून माझ्या मशीनच्या खणात आहे.

नंतर वाचलं, की त्या वर्षी आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबं होती. गावोगावच्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२१ च्या अहवालात ग्रामीण भारतातली सरकारी शाळेत जाणारी मुलं वर्षभरात ६५.८ टक्क्यांवरून ७०.३ टक्क्यांवर गेल्याची नोंद आहे. बहुतेकांना पैशानं तिकडं वळवलं असणार, आम्हालाही पैशानंच वळवलं. तिथं राहिलो ते पुढच्या गोष्टींमुळे.

चौथीचे वर्ग तेव्हा बंदच होते. १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, आली, पण ती फोनवर पीडीएफमध्ये. चौथीच्या एकवीस मुलांत फोन असलेली घरं नऊ. गुरुजींनी मुलांचे गल्लीप्रमाणे गट पाडले, एका गटात पाच-सहा. आमचा गट मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला. ते पाठांची छापील पानं घेऊन यायचे. झेरॉक्सचे पैसे कुठून आणले ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मुलं खांबांना टेकून लांब लांब बसायची आणि ते मधोमध उभे राहून शिकवायचे. बाकीच्या दिवसांचा अभ्यास चिठ्ठीवर. सह्याद्री वाहिनीवर अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा तो बघा म्हणायचे, पण नुसतं बघून सोडायचे नाहीत, सोमवारी त्यावर विचारायचे. २२-२३ जुलैला परत पूर आला आणि शाळेत परत पूरग्रस्त आले. गट दहा दिवस थांबले. पाणी उतरल्यावर गुरुजी गुडघाभर चिखलातून सभामंडप धुवायला आले होते, त्यांच्याबरोबर आम्ही चार-पाच जणीही होतो.

सरकारबद्दलही लिहायला हवं, कारण पालक म्हणून आम्ही त्या हुकमांवरच जगत होतो. १० ऑगस्टला आदेश निघाला, की १७ तारखेपासून गावाकडचे पाचवी ते सातवीचे वर्ग सुरू. दोन दिवसांत माझ्याकडं गणवेशांचा ढीग पडला. दीड वर्षात पोरं वीतभर वाढलेली, चड्ड्या मांडीवर आलेल्या, स्कर्टचा हुक लागेना. मी स्कर्टच्या खालची दुमड उसवून लांबी सोडायची, तर आतलं कापड गर्द निळं आणि बाहेरचं विटलेलं. किती वाढली ते त्या पट्टीवर दिसायचं. रात्री बारापर्यंत मशीन चालवली. मग बातमी आली, की सरकारला कोरोनाबद्दल सल्ला देणाऱ्या टास्क फोर्सच्या डॉक्टरांनी हरकत घेतली, निर्णय थांबला. शेजारच्या काकींचा सातवीतला पोरगा तयार गणवेश न्यायला आला होता, तो तसाच दारात बसून राहिला.

डॉक्टरांचं ऐकलं हे बरोबर केलं, असं मला तेव्हाही वाटलं. पण डॉक्टरांना आदेश काढायच्या आधी का विचारलं नाही? एकदा काढलेला हुकूम दोन दिवसांत फिरला की पुढच्या हुकमावरही माणूस भरवसा ठेवत नाही. ऑक्टोबरात पाचवीच्या पुढचे वर्ग खरंच उघडले तेव्हा गल्लीतल्या निम्म्या बायका "बघू, टिकतंय का" म्हणत बसल्या आणि पहिला आठवडाभर पोरं पाठवलीच नाहीत.

पहिली ते चौथी १ डिसेंबर २०२१ ला उघडणार हे ठरलं. त्याच्या आधीच्या शनिवारी मॅडमनी पालकांना शाळेत बोलावलं, दहा-दहा जणांना वेगवेगळ्या वेळी. आधी सगळ्या खोल्या दाखवल्या. तिसरीची खोली मी मुद्दाम बघितली. जंतू मारायला फवारलेल्या हायपोक्लोराइटचा वास नाकात चढत होता, फरशी घासून पांढरी केलेली, बाकं धुऊन उन्हात वाळवलेली. दारामागच्या भिंतीवर, हात पोचेल एवढ्या उंचीवर, पेन्सिलीच्या रेघा होत्या, चार उभ्या आणि त्यावर एक आडवी, असे दोन गठ्ठे आणि पुढं चार सुट्या. चौदा. दिरानं दिवस मोजले होते. मी हात लावून बघितला. आत्या माझ्यामागं उभ्या होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मग व्हरांड्यात बसलो. संमतीपत्राचे कागद वाटले. पाल्याला स्वखुशीनं पाठवत आहे, असं त्यावर छापलेलं. सगळ्यांच्या मनात एकच, की सही घेतली म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदारी आपल्याच गळ्यात. आत्यांनीच तोंड उघडलं. "गुरुजी, सही देतो आम्ही. पण पोरीला काय झालं तर?"

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आत्या, काही होणार न्हाय अशी हमी मी देऊ शकत न्हाय. ती कुणीच देऊ शकत न्हाय. मी काय काय करणार हाय तेवढं सांगतो, ते बघा आणि ठरवा." आणि एकेक सांगितलं. दोन्ही बाजूच्या खिडक्या उघड्या राहणार, थंडी वाजली तर स्वेटर घाला. एका बाकावर एक मूल, म्हणून चौथीचे दोन गट, एकाआड एक दिवस. पाण्याची बाटली घरून, कुणी कुणाची घ्यायची नाही. शिजवलेला आहार सध्या नाही, तांदूळ आणि डाळी-कडधान्य घरी मिळत होतं तसंच मिळेल. कुणाला ताप आला तर व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत बसवून घरी फोन, आणि त्या वर्गातल्या सगळ्या पालकांना त्याच दिवशी निरोप. "माझ्या घरात कुणाला झालं, मला झालं, तरी त्याच दिवशी सांगीन." पाचही शिक्षकांची लशीच्या दोन्ही डोसांची प्रमाणपत्रं ऑफिसच्या दाराशेजारी फलकावर लावलेली होती, कुणी मागायच्या आधीच. मॅडम म्हणाल्या, "कागद घरी न्या, दोन दिवस विचार करा. ज्यांनी सही दिली नाही त्यांचंही मूल आमचंच आहे, त्याला चिठ्ठीवरचा अभ्यास घरी येत राहील." एकवीसपैकी सात जणांनी सही दिली नाही. त्या सात घरी चिठ्ठ्या खरंच जात राहिल्या आणि नाताळापर्यंत त्यातली पाच पोरं आपणहून वर्गात आली.

घरी येताना आत्या म्हणाल्या, "हमी देतो म्हणाला असता तर मी पाठवली नसती." आणि संमतीपत्रावर माझ्या सहीशेजारी आपलाही अंगठा उठवला. तिथं जागा नव्हती, तरी.

आता जानेवारी. ओमायक्रॉनचा जोर वाढला. ८ तारखेला, शनिवारी, आदेश आला, की सोमवारपासून राज्यभरातल्या शाळा परत बंद, १५ फेब्रुवारीपर्यंत. जेमतेम सव्वा महिना शाळा झाली होती. 'आश्चर्य' वाचता यायला लागलं होतं. त्याच रात्री दहाला ग्रुपवर गुरुजींचा मेसेज आला. सगळी वाक्यं आठवत नाहीत, मतलब असा: माझी तपासणी आज पॉझिटिव्ह आली. चौथीच्या अ गटातली मुलं शुक्रवारी माझ्या वर्गात होती. वर्गात मास्क लावलेला होता, खिडक्या उघड्या होत्या. मुलांना ताप, खोकला, अंगदुखी वाटली तर आशाताईंना फोन करा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून मुलांना थोडे दिवस लांब झोपवा. मला बरं आहे, काही विचारायचं असेल तर फोन करा.

थोरली अ गटात होती. त्या रात्री मी तिचं अंथरूण माझ्या शिलाईच्या खोलीत घातलं आणि आत्यांना सगळं सांगितलं. मला भीती वाटली, पण अकरा दिवसांनी बाजारात कळल्यावर वाटली होती तशी नाही. ती भीती वेगळी होती, तिच्यात संताप मिसळलेला होता. या वेळी काय करायचं ते मला माहीत होतं. पाच दिवस ताप बघितला, वहीत लिहिला. पोरगी ठणठणीत राहिली. ग्रुपवर कुणी गुरुजींना दोष दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात कुणाकुणाचे डबे पोचत होते ते मला माहीत आहे, कारण त्यातला एक माझा होता. कट्ट्यावर ठेवायचा आणि मागं सरकायचं.

शाळा परत बंद करण्याचा तो आदेश चुकला, असं माझं ठाम मत आहे. बाजार चालू, लग्नं पन्नास माणसांत चालू आणि एका बाकावर एक बसणारी पोरं घरी. खूप पालकांनी आवाज उठवला आणि २४ जानेवारीपासून शाळा उघडायला परवानगी मिळाली. मॅडमचंही मत तेच असणार. पण त्यांनी आम्हाला आदेश वाचून दाखवला, म्हणाल्या, "हे मला पाळावंच लागेल, उघडायची परवानगी आली की त्याच दिवशी घंटा देईन." मधल्या काळात परत सभामंडप, परत चिठ्ठ्या. या वेळी दुसरे एक सर यायचे, गुरुजी बरे होईपर्यंत.

एवढं लिहिलं ते या शाळेकडून मला काय मिळालं ते सांगायला. आता बाकीची माहिती, जी नेहमी विचारतात.

इंग्रजी कच्चं राहतं, हे खरं. थोरलीला वाचता येतं, अर्थ कळतो, पण बोलताना अडखळते. आधीच्या शाळेत राहिली असती तर कदाचित बोलली असती. गणित आणि मराठी मात्र पक्कं झालं. दिवाळीपर्यंत जो कागद पुरा व्हायचा होता तो फेब्रुवारीत पुरा झाला, मॅडमनी स्वतः त्यावर तारीख टाकली. पाच शिक्षकांत सात वर्ग, म्हणजे दोन वर्गांना एकच शिक्षक असतो, आणि सर्व्हे-निवडणुकांची कामं आली की तोही नसतो. हा मोठा तोटा आहे आणि तो गावाच्या हातात नाही. गुरुजींची बदली झाली, मागच्याला दोन वर्षं होऊन गेली. निरोपाला गावातली इतकी माणसं जमली, की पोरांना बसायला जागा उरली नव्हती. नवीन आलेल्या बाई चांगल्या आहेत, पण गल्लीत कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्यांना अजून माहीत नाही. माहीत व्हायला वेळ लागेल.

आहार चांगला असतो. मी व्यवस्थापन समितीत दोन वर्षं होते, आठवड्यातून एकदा जाऊन चव बघायचे. गणवेशाची मापं घ्यायला मीच जाते, त्यामुळे कोण किती वाढलं ते मला आधी कळतं. स्कर्टला खाली चार बोटं दुमड ठेवते, तेवढी दोन वर्षं पुरते.

आधीच्या शाळेनं दाखला शेवटी दिला. थकलेली फी आम्ही हप्त्यानं २०२२ च्या दिवाळीपर्यंत फेडली. कुणाचं बुडवायचं नव्हतं.

ज्यांना नाव घालायचंय त्यांनी जन्माचा दाखला आणि आधार घेऊन सकाळी अकराच्या आत जावं, नंतर मॅडम वर्गावर असतात. मुलाला बरोबर न्या, त्या वाचायला लावतीलच. खोल्या बघायच्या म्हटलं तर दाखवतात. तिसरीच्या खोलीला गेल्या वर्षी रंग दिला. दारामागचा हातभर तुकडा मॅडमनी रंगाऱ्याला सोडायला सांगितला, तिथल्या रेघा आहेत तशा आहेत.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो मुलींच्या संडासासाठी. दोनपैकी एकाच दाराला आतून कडी आहे, दुसऱ्याला सुतळी बांधलेली. मोठ्या मुली त्यामुळे दिवसभर पाणी पीत नाहीत. थोरली सहावीत असल्यापासून सांगतेय. पंचायतीनं या महिन्यात सुतार पाठवतो म्हटलंय, सोमवारी जाऊन बघून येणार आहे.